राजाचा महाल: एका षष्ठीचा विचार

राजस्थानातील गड आणि राजवाडे मार्गदर्शकाच्या सोबतीने पाहणाऱ्या प्रवाशाच्या कानावर ‘राणाजींचा महाल’, ‘महाराजांचा दरबार’, ‘राणीसाहेबांचा झरोका’ असे शब्द दिवसभर पडत असतात, आणि ते इतक्या सहजपणे उच्चारले जातात की त्यांतील ‘चा’ या प्रत्ययाने नेमका कोणता संबंध सांगितला, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात उमटत नाही. संस्कृत व्याकरणात या संबंधाला षष्ठी म्हणतात, आणि पतंजलीने महाभाष्यात षष्ठीचे अर्थ शंभरावर असल्याचे नोंदवले आहे. धनी आणि धन, पिता आणि पुत्र, अवयवी आणि अवयव, कर्ता आणि कृती हे सारे संबंध त्या एकाच विभक्तीने बोलले जातात. राजाचा महाल म्हणजे राजाच्या मालकीचा महाल, की राजाने बांधवलेला, की राजा जिथे राहिला तो? सहलीच्या ओघात पहिला अर्थ गृहीत धरला जातो आणि त्यावरच पुढचे सारे कौतुक उभे राहते. परंतु ज्या परंपरेत हे महाल उभे राहिले तिला हा अर्थ कधीच सहज मान्य नव्हता. राज्य कोणाचे, हा तिच्या दृष्टीने धर्माचा आणि तत्त्वज्ञानाचा प्रश्न होता, आणि त्याची जी उत्तरे तिने दिली ती एकमेकांशी जुळणारी नाहीत.

उदयपूरचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. पिछोला तलावाच्या काठी महाराणा उदयसिंहांनी 16व्या शतकात ज्या राजवाड्याचा आरंभ केला आणि ज्यात पुढच्या पिढ्या भर घालत राहिल्या, तो राजवाडा स्थानिक परंपरेनुसार एका साधूच्या धुनीच्या जागी उभा आहे, आणि ती धुनीची जागा वाड्याच्या आत आजही पूज्य मानली जाते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या वाड्यात राहणारे महाराणा स्वतःला मेवाडचे राजे न मानता ‘एकलिंगजींचे दिवाण’ मानत. एकलिंगजी म्हणजे उदयपूरच्या उत्तरेस सुमारे 22 किलोमीटरवर कैलासपुरी येथे असलेले चतुर्मुख शिवलिंग. मेवाडचे अधिपती ते, आणि महाराणा हे त्यांच्या वतीने कारभार पाहणारे प्रधान, अशी ही व्यवस्था. दिवाण हा शब्द फारसीच्या वाटेने आलेला असल्यामुळे तो मेवाडच्या राजवंशाचा संस्थापक मानल्या जाणाऱ्या बाप्पा रावळाच्या 8व्या शतकातला असणे शक्य नाही, पण त्यामागची कल्पना शब्दाहून जुनी दिसते. बाप्पाला हारीत ऋषींच्या कृपेने राज्य लाभले अशी आख्यायिका आहे, आणि त्याच मंदिर-परिसरात इसवी सन 971 चा शिलालेख असलेले लकुलीशाचे मंदिर आजही उभे आहे. जेम्स टॉड या इंग्रज अधिकाऱ्याने 1829 आणि 1832 साली दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या राजस्थानच्या इतिहासात महाराणांच्या या पदाची आवर्जून नोंद केली आहे.

लकुलीश हा पाशुपत पंथाचा प्रवर्तक मानला जातो, आणि या पंथाचे तत्त्वज्ञान ध्यानात घेतल्याशिवाय दिवाणपदाचा अर्थ पुरता उलगडत नाही. पाशुपतांच्या मते शिव हा ‘पती’, म्हणजे स्वतंत्र स्वामी, आणि जीवमात्र हे ‘पशू’, म्हणजे पाशाने बांधलेले व परतंत्र. या परिभाषेत राजासुद्धा पशूच ठरतो, आणि जो स्वतःच दुसऱ्याचे धन आहे त्याने कशाला आपले धन म्हणावे, असा प्रश्न आपोआप उपस्थित होतो. पण माधवाचार्यांनी 14व्या शतकात सर्वदर्शनसंग्रहात या मताचा जो परिचय करून दिला आहे त्यात एक लक्षणीय गोष्ट आहे: ईश्वराचे दास्य हेच मोक्षाचे स्वरूप, हे वैष्णवांचे मत पाशुपतांना मान्य नाही, कारण दास्य हेही पारतंत्र्यच होय आणि पारतंत्र्य म्हणजे दुःख. मुक्त जीवाला ईश्वरासारखे ऐश्वर्य लाभावे, अशी त्यांची आकांक्षा आहे. ‘दिवाण’ आणि ‘दास’ या दोन शब्दांत जो फरक आहे तो या मतभेदाशी जुळतो, हा योगायोग असेल, परंतु अर्थपूर्ण आहे. दास केवळ सेवा करतो. दिवाण मात्र धन्याच्या नावाने आज्ञा देतो, कर घेतो, दंड करतो, आणि धनी अदृश्य असला की दिवाणाची आज्ञा हीच धन्याची आज्ञा होऊन बसते.

आजच्या सहलीत या संबंधाचा क्रम उलटा झालेला आढळतो. वाड्यासाठी सकाळचा निवांत वेळ राखलेला असतो, तलावातील नौकाविहारासाठी संध्याकाळ असते, आणि ठरावीक वेळांतच उघडणारे एकलिंगजींचे देऊळ वाटेवर जमले तर घडते, नाही तर राहून जाते. दिवाणाचा वाडा मनसोक्त पाहायचा आणि ज्याच्या वतीने त्याने तो सांभाळला त्याच्या दाराशी जायचेच नाही, हा सहल-आखणीतला लहानसा दोष वाटेल, पण त्यामुळे वाडाच चुकीचा वाचला जातो. जयपूरला निदान वास्तूच मदतीला येते. मूळ वृंदावनातील आणि तिथून औरंगजेबाच्या काळात हलवलेली गोविंददेवांची मूर्ती सवाई जयसिंहांनी, 1727 साली वसवलेल्या आपल्या नव्या राजधानीत, चंद्रमहालासमोरच्या जयनिवास बागेत अशा रीतीने स्थापिली की महालातून देवाचे दर्शन घडावे. तिथे देव आणि राजा यांच्यामधली सरळ रेषा डोळ्यांनी पाहता येते, आणि ती दाखवायला फार शब्द लागत नाहीत.

राज्य देवाचे ही कल्पना सर्वांत काटेकोरपणे अमलात आली ती मात्र राजस्थानात नव्हे, दक्षिणेकडे त्रावणकोरात. जानेवारी 1750 मध्ये मार्तंड वर्मा यांनी आपले सारे राज्य तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामींना विधिपूर्वक अर्पण केले. या विधीला ‘तृप्पडिदानम्’, म्हणजे देवाच्या पवित्र पायरीवर केलेले दान, असे नाव आहे. देवापुढे ठेवलेली तलवार त्यांनी ‘पद्मनाभदास’ म्हणून परत उचलली, आणि पुढचे सर्व राजे हेच बिरुद लावत राहिले. धर्मशास्त्रात ‘दत्तापहार’ नावाचे एक पाप सांगितले आहे, ते म्हणजे एकदा दिलेले परत घेणे. त्यामुळे हे दान केवळ भावनेचे न राहता वंशजांना बांधणारे ठरले. मार्तंड वर्मा यांची तत्कालीन राजधानी पद्मनाभपुरम येथील लाकडी राजवाडा आज तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात आहे, पण त्याची देखरेख केरळ सरकार करते. त्यातील उप्परिका माळिका या उंच इमारतीचा सर्वांत वरचा मजला देवासाठी राखलेला होता. भित्तिचित्रांनी भरलेल्या त्या दालनात पद्मनाभासाठी पलंग मांडलेला आहे. राजाचे शयनगृह त्याच्या खाली. राजवाड्यात सर्वांत वरची खोली रिकामी ठेवणे, किंवा भाविकाच्या भाषेत बोलायचे तर ती कायमची भरलेली मानणे, ही राज्यशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथापेक्षा स्पष्ट अशी वास्तूची भाषा आहे.

ही भाषा पोकळ नव्हती याचा पुरावा फार पुढचा आहे. 1949 साली त्रावणकोर आणि कोचीन ही संस्थाने एकत्र होऊन नवे राज्य बनले आणि त्रावणकोरचे महाराज चित्तिर तिरुनाळ राजप्रमुख व्हायचे ठरले, तेव्हा पद्मनाभाचा दास दुसऱ्या कोणाशी निष्ठेची शपथ कशी घेईल, ही अडचण त्यांनी प्रामाणिकपणे मांडली, आणि शपथेऐवजी लेखी आश्वासनावर तोडगा काढावा लागला. पुढे 13 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या मंदिराच्या बाबतीत राजघराण्याचा ‘शेबैत’ म्हणून असलेला हक्क मान्य केला. शेबैत म्हणजे देवाच्या मालमत्तेचा मालक नसलेला, पण सेवेच्या नात्याने तिची व्यवस्था पाहणारा माणूस. संस्थानिकांचे तनखे आणि विशेषाधिकार 1971 च्या 26व्या घटनादुरुस्तीने संपले, तरी सेवेचे हे नाते कायद्याच्या डोळ्यांना दिसत राहिले.

महाराष्ट्राला ही कल्पना अपरिचित नाही. सांगलीच्या पटवर्धनांनी गणपतीलाच संस्थानचा अधिपती मानले होते, आणि शिवाजी महाराजांनी रामदासांच्या झोळीत राज्य टाकल्याची कथा, तिच्या ऐतिहासिकतेविषयी अभ्यासकांत तीव्र मतभेद असले तरी, मराठी मनाला पिढ्यान्‌पिढ्या पटत आली ती याच कारणाने. मालकी टाकून दिलेला राजा हा मालक असलेल्या राजापेक्षा मोठा, असे या समाजाला वाटत आले आहे.

तरीही येथे थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. राज्य देवाचे झाले की राजाविरुद्धचा उठाव हा देवाविरुद्धचा अपराध ठरतो, आणि देवाला दिलेल्या भूमीवर प्रतिस्पर्ध्याने हात टाकणे महापाप होऊन बसते. मार्तंड वर्मा यांनी राज्य अर्पण केले ते एट्टुवीट्टिल पिळ्ळमार या बलाढ्य सरदारांचा निःपात करून आणि शेजारची राज्ये जिंकून घेतल्यानंतर. म्हणजे जे दान केले ते आधी तलवारीने मिळवलेले होते. ज्या सिद्धांताने राजाचा अहंकार विरघळावा त्याच सिद्धांताने त्याची सत्ता अभेद्य व्हावी, हा दोष वरवरचा नाही. देव बोलत नाही, हिशोब मागत नाही, दिवाण बदलत नाही. मालकाला कधीही प्रश्न विचारता येत नसेल तर ‘मी केवळ सेवक’ या म्हणण्याची कसोटी कोणी लावायची?

या प्रश्नाला भिडण्याचे सर्वाधिक धैर्य दाखवले ते भक्तांनी नव्हे, यज्ञविधींचा काथ्याकूट करणारे म्हणून ज्यांना कोरडे समजले जाते त्या मीमांसकांनी. मीमांसा म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचे शास्त्र. जैमिनीची सूत्रे हा त्याचा मूळ ग्रंथ आणि शबराचे भाष्य हे त्यावरील सर्वांत जुने उपलब्ध विवरण. ‘विश्वजित्’ नावाच्या यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दान करावे असा विधी आहे, आणि सहाव्या अध्यायात त्यावरून प्रश्न निघतो की सर्वस्वात नेमके काय काय येते. पहिला प्रश्न आईवडिलांचा. ‘माझे वडील’ असे म्हटले जाते, मग ते यजमानाचे ‘स्व’ झाले, म्हणून त्यांचेही दान करावे काय? उत्तर असे की नाही. ‘स्व’ या शब्दाचा अर्थ आप्त असाही होतो आणि धन असाही, आणि वडिलांच्या बाबतीत त्यातला धन हा अर्थ संभवत नाही. मालकी नसलेल्या वस्तूचे दान होत नाही.

दुसरा प्रश्न थेट राजाचा आहे. यजमान सार्वभौम राजा असेल तर त्याने भूमी दान करावी काय? येथेही उत्तर नाही असेच आहे, आणि त्याचे कारण विलक्षण आहे: भूमी सर्वांना सारखीच आहे. क्षेत्रांचे, म्हणजे वहिवाटीतल्या शेतांचे, धनी दिसतात; साऱ्या पृथ्वीचा धनी कोणी दिसत नाही. सार्वभौम म्हणवणाऱ्याचे आधिक्य एवढेच की तो पिकांचे रक्षण करतो आणि त्याबद्दल उत्पन्नाचा ठरलेला वाटा घेतो. सिंहासनापुढे नम्र होण्याचा जमाना असताना यज्ञशाळेच्या एका किरकोळ वाटणाऱ्या शंकेतून राजाच्या भूस्वामित्वाचा पायाच काढून घेतलेला आहे, आणि तोही कोणत्याही बंडाच्या आवेशाविना, केवळ शब्दांच्या अर्थाशी प्रामाणिक राहून.

हा विचार पोथीतच राहिला नाही. 17व्या शतकात काशीच्या नीलकंठ भट्टांनी ‘व्यवहारमयूख’ या न्यायव्यवहारावरील ग्रंथात तो पुन्हा मांडला आणि स्पष्ट केले की जिंकलेल्या प्रदेशातही गावांवरची व शेतांवरची मालकी त्या त्या भूधारकांचीच राहते, राजाला मिळतो तो केवळ कर घेण्याचा अधिकार, आणि म्हणून ज्याला राजाचे भूमिदान म्हणतात ते वस्तुतः उपजीविकेची व्यवस्था लावून देणे होय. हे नीलकंठ मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातले, आणि 1674 साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट त्याच घराण्यातले. भोसल्यांचे कुळ मेवाडच्या सिसोदियांशी जोडले गेले ते त्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने ठळक झाले, हे सर्वश्रुत आहे. पण राजाला सिंहासनावर बसवणाऱ्या घराण्यातच राजाच्या मालकीची मर्यादा सांगणारा ग्रंथ लिहिला गेला होता, ही गोष्ट त्याहून अधिक सांगितली जायला हवी.

मीमांसक येथेही थांबले नाहीत. नवव्या अध्यायात देवाच्या मालकीचाही प्रश्न आला. ‘देवाचे गाव’, ‘देवाचे शेत’ असे लोक बोलतात, तेव्हा तिथली षष्ठी खरोखर मालकी सांगते काय? शबराचे उत्तर असे की हा केवळ उपचार, म्हणजे लाक्षणिक प्रयोग आहे; जो एखाद्या वस्तूचा आपल्या इच्छेप्रमाणे विनियोग करू शकतो त्याची ती वस्तू, आणि देव गावाचा किंवा शेताचा तसा विनियोग करताना दिसत नाही. त्या उत्पन्नावर जगतात ते देवाचे सेवक. भक्तीच्या दृष्टीने हे उत्तर रुक्ष आहे आणि ते कोणत्याही संप्रदायाने मनापासून स्वीकारले नाही. परंतु देवाच्या नावाआडून कोण आज्ञा देतो आणि कोण खातो, याकडे ते बोट दाखवते, आणि दिवाणपदाच्या सिद्धांतात राहिलेली फट नेमकी तीच आहे. दिवाणाचे दान आणि दिवाणाची नम्रता यांची परीक्षा ज्यांच्या श्रमावर आणि शरीरावर ती उभी आहे त्यांच्या बाजूने करावी लागते, असा याचा अर्थ होतो.

जोधपूरच्या मेहरानगडावर ही परीक्षा टाळता येत नाही. राव जोधा यांनी 1459 साली या गडाचा पाया घातला. त्या टेकडीवर राहणाऱ्या चिडियानाथ नावाच्या साधूला तिथून उठवावे लागले, त्याने पाण्याच्या दुर्भिक्षाचा शाप दिला, आणि तो शमवण्यासाठी राजिया भांबी नावाच्या, आज मेघवाळ म्हटल्या जाणाऱ्या समाजातील माणसाला पायात जिवंत पुरले, असे परंपरा सांगते. त्याच्या वंशजांना जमीन देण्यात आली आणि त्याच्या स्मरणाची शिळा गडावर आहे. कथेतील तपशील कितीही आख्यायिकेचे असोत, राजघराण्याने आणि त्या समाजाने दोघांनीही ती जपली आहे, म्हणजे गड कोणाच्या देहावर उभा आहे हे दोघांनाही ठाऊक आहे. राजिया स्वेच्छेने गेला, असे बहुधा सांगितले जाते. येथे पुन्हा विश्वजित् यज्ञाकडे वळावे लागते, कारण सर्वस्वदानाच्या त्याच चर्चेत सेवा करणाऱ्या शूद्राचाही विचार झाला आहे, आणि निर्णय असा दिला आहे की त्याचे दान करता येत नाही, कारण तो धर्म म्हणून सेवा करतो, यजमानाच्या मालकीचा म्हणून नव्हे. मीमांसकांची समाजरचना समतेची नव्हती, आणि त्यांना तसे दाखवणे खोटेपणाचे होईल; पण त्यांच्या काटेकोर विचारानेही राजियाचे दान बसत नाही. ‘राजाचा माणूस’ ही षष्ठी ‘माझे वडील’ या षष्ठीइतकीच मालकीपासून दूर आहे.

त्याच गडाच्या लोहापोळीवर, म्हणजे लोखंडी दरवाजाशी, 1843 साली महाराज मानसिंहांच्या मृत्यूनंतर सती गेलेल्या स्त्रियांच्या हातांचे ठसे आहेत. ते शेंदराने पूजिलेले असतात, आणि पर्यटक आपला तळहात त्यांच्याशेजारी धरून छायाचित्र काढतात. चितोडगडावर 1303, 1535 आणि 1568 या तीन जोहारांची कथा ऐकताना श्रोत्यांचा ऊर अभिमानाने भरून येतो. शत्रूच्या हाती पडून दासी होण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या त्या स्त्रियांचे धैर्य कमी लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही. तरी त्या देहांवर कोणाची षष्ठी लागू होती, हा प्रश्न त्या जागी न विचारणे म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा मुके करणे होय. दर्शन या शब्दाला भारतीय परंपरेत दोन अर्थ आहेत, देवाला डोळ्यांनी पाहणे आणि तत्त्वज्ञान. लोहापोळीसमोर उभे राहणाऱ्याला यांपैकी पहिला अर्थ पुरा पडत नाही.

स्वातंत्र्यानंतर या वास्तूंना एक नवी षष्ठी लागली आहे, ती म्हणजे ‘आपला वारसा’. चितोड, कुंभलगड, रणथंबोर, गागरोन, आमेर आणि जैसलमेर हे राजस्थानचे 6 गड 2013 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, आणि 2025 साली रायगडासह मराठ्यांचे 12 किल्ले आले. या ‘आपला’ शब्दाचा अर्थ मालकी असा घेतला की भिंतीवर खिळ्याने नाव कोरण्याची बुद्धी होते, आणि सेवा असा घेतला की तेच नाव पुसण्यासाठी एखाद्या संस्थेची मुले रविवारची सुट्टी देऊन गड चढतात. दोघेही एकच शब्द उच्चारतात. म्हैसूरच्या दसऱ्यात ज्या सोन्याच्या अंबारीत पूर्वी महाराज बसत तिच्यात संस्थानी राजवट सरल्यानंतर चामुंडेश्वरीची मूर्ती विराजमान होऊ लागली, आणि रस्त्याच्या दुतर्फा लोटणारी गर्दी ओसरली नाही.

रायगडावर शिवाजी महाराजांची समाधी जगदीश्वराच्या देवळाबाहेर, त्याच्या दारासमोर आहे. त्या देवळाच्या एका पायरीवर गडाच्या बांधणीची जबाबदारी वाहिलेल्या हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आढळते, आणि सोबत आपण सेवेला तत्पर आहोत एवढाच मजकूर आहे. मेहरानगडाच्या पायातील राजियाच्या वतीने त्याची सेवा इतरांनी बोलून दाखवली. हिरोजींनी ती स्वतः, स्वतःच्या नावासह आणि स्वतः निवडलेल्या जागी नोंदवली. देवळात जाणाऱ्याचा पाय त्या अक्षरांवर पडू शकतो, म्हणून जाणकार वाटाड्या पायरीपाशी थांबतो, खाली वाकून अक्षरांवरची धूळ झटकतो, आणि मागून येणाऱ्यांना कडेने चढायला सांगतो.